गायरांगेर फियॉर्ड: कड्यावरच्या त्या घरांत लोक राहायचे कशाला?

रानवाटा

नमस्कार मंडळी, नॉर्वेच्या इतिहासाबद्दल कोणाचं वाचन असेल तर मदत हवीये. हेलेसिल्टहून गायरांगेरला तासाभराची फेरीबोट जाते ना, तिच्यातून दोन्ही बाजूंच्या कड्यांवर अधूनमधून घरं दिसतात. म्हणजे सरळ उभा कडा, खाली फियॉर्डचं, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या खाडीचं, गर्द पाणी, आणि वर कुठेतरी एक हिरवा तुकडा नि त्यावर तीनचार लाकडी घरं. रस्ता नाही, पायवाट शोधून सापडत नाही. स्पीकरवर सांगितलं की हे स्कागेफ्लो, समोरचं ते क्निव्सफ्लो, इथे पूर्वी शेतकरी राहायचे, पोरं खाली पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवायचे आणि सारा वसूल करणारा आला की शिडी वर ओढून घ्यायचे. लोकांनी फोटो काढले, तेवढ्यात सात बहिणींचा धबधबा आला आणि सगळे तिकडे वळले.

मला मात्र ते डोक्यातून जाईना. इतका मोठा देश, माणसं एवढीशी, मग त्या कड्यावरच का? कधीपासून राहायचे, गेले कधी, कुठे गेले? आणि शेवटी जिथे बोट लागते ते गायरांगेर गाव पहिल्यापासूनच असं हॉटेलांचं होतं का? नेटवर तुकडे तुकडे मिळतात, सलग कोणी सांगेल का?

ओस्लोकर

रानवाटा, बरं झालं विचारलंत. मी नॉर्वेत बरीच वर्षं आहे, भारतातून पाहुणे आले की त्यांना त्या बाजूला घेऊन जाणं होतंच आणि दर वेळी हाच प्रश्न येतो, आणि उत्तर म्हणून तीच शिडीची गोष्ट ऐकवली जाते. गोष्ट खरी असेल नसेल, पण त्या एका गोष्टीत ती माणसं अडकून बसलीत याचं मला फार वाईट वाटतं.

आधी एक सांगतो, तुम्ही रस्ता शोधताय जमिनीवर. तो तिथे नव्हताच. रस्ता म्हणजे पाणी. गायरांगेर फियॉर्ड पंधरा किलोमीटरचा, तो सुन्युल्व्स फियॉर्डला मिळतो, तो पुढे स्टोरफ्योर्डला, आणि असं करत शंभरेक किलोमीटरवर खुला समुद्र. प्रत्येक शेताची आपली होडी, काठावर होडी ठेवायची लाकडी शेड. बाजार, चर्च, लग्न, कोर्टकचेरी, सगळं होडीने. त्यामुळे आपल्याला जे जगाच्या टोकाला वाटतं ते त्यांच्या हिशोबाने हमरस्त्यावर होतं, फक्त रस्त्यापासून घरापर्यंत अडीचशे मीटरची उभी चढण होती इतकंच.

आता पहिल्यापासून. दहाअकरा हजार वर्षांपूर्वी बर्फ हटला, दरीत समुद्र शिरला. फियॉर्डच्या टोकाशी जिथे नदी गाळ आणून टाकते तिथेच काय ती सपाट जमीन, त्यामुळे वस्ती आधी तिथे. गायरांगेर गाव ते हेच, जुन्या नकाशांत याचं नाव मेरोक असं दिसेल. खाडीच्या टोकाला पाचसहा शेतं, ओट आणि बार्लीचे तुकडे, बाकी सगळा जीव जनावरांवर. उन्हाळ्यात बायका आणि मुली गुरं-बकऱ्या घेऊन डोंगरमाथ्यावरच्या कुरणात जायच्या, तिथल्या खोपटात राहून लोणी-चीज करायच्या आणि थंडीआधी खाली यायच्या. ही पद्धत हजारो नाही तरी शेकडो वर्षं तशीच चालली.

मग १३४९. प्लेग जहाजातून बेर्गेन बंदरात उतरला आणि वर्षभरात देशातली निम्म्याहून जास्त माणसं गेली. पश्चिम किनाऱ्यावरच्या अडचणीच्या जागांवरची शेतं ओस पडली ती पुढची दीडदोनशे वर्षं ओसच राहिली, कारण खालच्या चांगल्या जमिनी रिकाम्या पडल्या असताना वर कोण चढणार? माणसं पुन्हा वाढली ती १५०० नंतर, आणि मग परत एकेक तुकडा धरत लोक वर सरकले. नॉर्वेत शेतीलायक जमीन सगळ्या देशाच्या ३ टक्क्यांच्या आसपास आहे हे लक्षात घ्या, म्हणजे देश मोठा आणि माणसं थोडी हे खरं, पण पेरायला जमीन त्याहून थोडी. त्यात जमिनीची वाटणी करायची नाही, थोरल्याकडे अख्खं शेत जाणार असा कायदा. धाकट्यांनी काय करायचं? एक तर दुसऱ्याच्या शेतावर कूळ म्हणून खोपट बांधून राबायचं, नाहीतर कोणाला नको असलेला कड्यावरचा तुकडा बघायचा.

जेवण करून येतो, उरलेलं लिहितो.

शिंपला

छान माहिती. पण मला वाटतं शेवटी ती गरिबीच, नाही का? दुसरा पर्याय असता तर कोण चढेल तिथे. पोरांना दोरीने बांधायचं म्हणजे विचार करूनच कसंतरी होतं.

ओस्लोकर

शिंपला ताई, दोरीचं खरं मानतात लोक, आणि त्यात नवल नाही, आईबाप दोघं गवत कापायला गेल्यावर रांगतं पोर कड्याच्या कडेला कोण सांभाळणार. पण गरिबी म्हणाल तर थांबा. स्कागेफ्लो हे त्या भागातलं चांगलं खातंपितं शेत समजलं जायचं. वरती तो जो हिरवा तुकडा दिसतो त्याच्या मागे डोंगरात चराई भरपूर, बकऱ्यांचा मोठा कळप, आणि बकरी असली की चीज, चीज असलं की रोख पैसा. दुधातलं चीज काढून झालं की उरलेलं पाणी फेकायचं नाही, ते मोठ्या कढईत तासन् तास आटवायचं, साखर करपून तपकिरी होईपर्यंत, ढवळत राहायचं नाहीतर तळाला लागतं. तेच ते ब्राउन चीज, आज नॉर्वेत घरोघरी नाश्त्याला असतं. सरपण लागायचं प्रचंड, आणि ते सरपण नि गवत उतरवायला पुढे लोखंडी तारा आल्या. डोंगराच्या वरच्या अंगापासून गोठ्यापर्यंत ताणलेली तार, तिला गवताचा भारा आकड्याने अडकवायचा आणि सोडून द्यायचा, भारा सणसणत खाली. त्याआधी हे सगळं पाठीवर. पीठ पाठीवर, मीठ पाठीवर, लोखंडी चूलसुद्धा पाठीवरच वर गेली.

घरं नीट बघितलीत का? ओंडक्यांच्या भिंती, छपरावर बर्चच्या सालीचे थर आणि त्यावर माती-गवत. साल पाणी अडवते, माती साल दाबून धरते आणि घर ऊबदार ठेवते. सुन्युल्व्स फियॉर्डवर एक शेत आहे तिथे घराचं छप्पर मागच्या डोंगराच्या उतारालाच जुळवलंय, म्हणजे हिमकडा कोसळला तर बर्फ घरावरून सरकून थेट पाण्यात. हे काही हतबल लोकांचं काम वाटत नाही मला. जागा पक्की ओळखणाऱ्या माणसांचं काम आहे.

आता गेले कधी. क्निव्सफ्लो १८९८ ला सुटलं, वर एक मोठा खडक लटकत होता आणि तो कधीही येईल अशी धास्ती होती. स्कागेफ्लो १९१६ ला. बाकीची एकेक करत पुढच्या काही दशकांत. लोक अमेरिकेला गेले, १८२५ पासून शंभर वर्षांत नॉर्वेतून आठ लाखांच्या वर माणसं गेली, आणि १८०१ च्या जनगणनेत अख्ख्या देशाची लोकसंख्या नऊ लाखांच्याही आत होती यावरून अंदाज करा. काही किनाऱ्यावरच्या ओलेसुंद शहरात मासळीच्या धंद्यात, कारखान्यांत. पण मला विचाराल तर त्या शेतांचा घात रस्त्याने केला. १८८९ ला गायरांगेरहून वर ग्रोटलीकडे जाणारा घाटरस्ता पूर्ण झाला. जोवर सगळे होडीने जायचे तोवर कड्यावरचा शेतकरी आणि गावातला शेतकरी सारखेच. दुकान, डॉक्टर, शाळा, डेअरी सगळं रस्त्याच्या कडेला सरकायला लागल्यावर पाणी मागे पडलं आणि पाण्यावरची शेतं एकदम "दुर्गम" झाली. त्याआधी ती दुर्गम नव्हती.

पाटीपेन्सिल

ओस्लोकर, जबरदस्त. हॉटेलांचा भाग मी जोडते, कारण पर्यटनाच्या इतिहासावर थोडंफार वाचलंय.

हॉटेलं पहिल्यापासून नव्हती पण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप जुनी आहेत. पहिली टुरिस्ट बोट आली १८६९ मध्ये. म्हणजे घाटरस्त्याच्या वीस वर्षं आधी, आणि कड्यांवरच्या शेतांत तेव्हा माणसं नांदत होती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण म्हणतो आधी शेतकरी होते, मग ते गेले, मग टुरिस्ट आले. तसं नाही झालं, जवळजवळ पन्नास वर्षं दोघं एकाच फियॉर्डमध्ये होते, खालून वाफेची बोट जातेय, डेकवर इंग्रज आणि जर्मन मंडळी दुर्बिणी लावून बघतायत आणि वर बाई बकऱ्यांचं दूध काढतेय.

जर्मनीचा कैसर विल्हेल्म दुसरा १८८९ पासून १९१४ पर्यंत जवळपास दर उन्हाळ्यात आपली शाही नौका घेऊन नॉर्वेच्या फियॉर्डमध्ये यायचा, गायरांगेरलाही यायचा, आणि त्याच्या मागे युरोपातला पैसेवाला वर्ग. गावातलं युनियन हॉटेल १८९१ चं. घाटरस्ता झाल्यावर शेतकऱ्यांनी घोडागाड्या काढल्या, बोटीतून उतरलेल्या पाहुण्यांना वर डोंगरात घेऊन जायचं आणि संध्याकाळच्या आत परत आणायचं. बोट लागली की धक्क्यावर दुतर्फा गाड्यांची रांग. त्याच रस्त्याला १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं, खालून तिसऱ्या-चौथ्या वळणापासून वर बघितलं तर का मिळालं ते कळतं. दगडी कठडे हाताने रचलेले, वळणावर वळण. एके ठिकाणी रस्ता वळसा घेऊन स्वतःच्याच खालून जातो, तो जुना भाग आता चालणाऱ्यांसाठी राखलाय.

पुढे १९२०-३० च्या दशकात त्याच शेतकऱ्यांनी मोठ्या अमेरिकन मोटारी घेतल्या, जास्त माणसं मावतील अशा, टप उघडा. त्यातल्या काही अजून चालू स्थितीत युनियन हॉटेलच्या संग्रहात ठेवल्यात, गेलात तर नक्की बघा. शेती, गोठा आणि उन्हाळ्यातलं भाडं हे तिन्ही एकाच घरात. त्यामुळे गावाने शेती सोडून पर्यटन धरलं असंही नाही, खूप वर्षं एकावर दुसरं पोसलं गेलं.

आणि एक, १८८९ चा रस्ता हिवाळ्यात बर्फाने बंद. बारमाही रस्ता गावाला मिळाला १९५५ ला, एइड्सडालच्या बाजूचा अकरा वळणांचा गरुडरस्ता. तोवर हिवाळाभर बोट हाच आधार.

रानवाटा

वाचतोय, अक्षरशः नकाशा उघडून वाचतोय. त्या अकरा वळणांवरून बसने गेलो पण १९५५ पर्यंत हिवाळ्यात रस्ताच नव्हता हे डोक्यातही आलं नाही.

क्निव्सफ्लोच्या वर खडक लटकत होता म्हणालात, त्यावरून आठवलं, कुठल्यातरी डोंगराला भेग पडलीय आणि तो कोसळला तर लाट येणार असं तिथल्या माहितीफलकावर होतं. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर गाव तिथेच कसं?

काळा_बेसाल्ट

भूगर्भ हा माझा विषय, म्हणून मी लिहितो. भेग खरी आहे. ओकनेस नावाचा डोंगर, सुन्युल्व्स फियॉर्डवर. सहासातशे मीटर लांबीची भेग आहे आणि ती दर वर्षी काही सेंटीमीटर रुंदावते. तो अख्खा उतार पाण्यात आला तर लाट हेलेसिल्टला पाचेक मिनिटांत आणि गायरांगेरला दहाएक मिनिटांत पोचेल असा हिशोब आहे.

हा काही कागदावरचा हिशोब नाही, त्या लोकांनी हे भोगलंय. ७ एप्रिल १९३४ च्या पहाटे याच स्टोरफ्योर्डच्या दुसऱ्या फाट्यावर, ताफ्योर्डला, डोंगराचा कडा पाण्यात कोसळला. दरड पडली तिथे लाट साठ मीटरच्या वर चढली, ताफ्योर्ड आणि फ्योरो या दोन गावांत मिळून ४० माणसं गेली. तिथून फार लांब नाही ते लोएनचं तळं. तिथे १९०५ मध्ये कडा कोसळून ६१ माणसं गेली. लोकांनी पुन्हा घरं बांधली, आणि १९३६ मध्ये त्याच डोंगराचा कडा परत आला, ७४ माणसं गेली. त्यामुळे फियॉर्डच्या काठच्या घरांत हे दोनतीन पिढ्यांच्या तोंडी आहे, कोणाला नव्याने सांगावं लागत नाही.

आता गाव तिथेच कसं? तर डोंगराच्या अंगावर यंत्रं बसवलीत. भेगेच्या दोन्ही काठांमधलं अंतर मोजणारी, जीपीएस, समोरच्या काठावरून रडार, भोकं पाडून आत खोलवर बसवलेले सेन्सर, जमिनीतला कंप टिपणारे. २००४ पासून हे नेटाने चाललंय आणि चोवीस तास कोणीतरी आकडे बघत असतं. असा खडक एकदम निसटत नाही, आधी महिनोन् महिने सरकण्याचा वेग वाढत जातो, मग आठवड्यांवर, मग दिवसांवर येतं, आणि त्याच काळात गाव रिकामं करायचं असं ठरलंय. भोंगे आहेत, कोणी कुठे चढायचं हे आखलेलं आहे. काठाजवळच्या लाटेच्या पट्ट्यात नव्या बांधकामावर बंधनं आहेत, आणि यावरून गावात कुरबुरही आहे, कारण सपाट जमीन ती तेवढीच. खाली बांधू नका म्हटल्यावर वर कुठे बांधणार, वर हिमकडे. हा पेच १५०० मध्ये होता तसाच आजही आहे, फक्त आता आकडे हाताशी आहेत.

भीमाकाठ

काळा_बेसाल्ट, आमचं गाव आंबेगाव तालुक्यात. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं तेव्हा मी तिथे मदतीला होतो, दीडशेच्या वर माणसं गेली, मग २०२३ मध्ये इर्शाळवाडी. हे वाचून पोटात कालवतं. अशी यंत्रं आपल्याकडे सह्याद्रीत का बसवत नाहीत? का आपली माणसं स्वस्त आहेत?

काळा_बेसाल्ट

भीमाकाठ, तुमचा संताप समजतो आणि तो रास्त आहे. पण दोन्ही दरडी वेगळ्या जातीच्या आहेत. ओकनेसचा खडक सलग आहे, तो वर्षानुवर्षं थोडाथोडा सरकतो त्यामुळे मोजता येतो. माळीणला उतारावरचा मातीचा आणि कुजलेल्या दगडाचा थर काही दिवसांच्या पावसाने पाणी पिऊन फुगला आणि काही मिनिटांत खाली आला. त्याला भेगेवर बसवलेलं यंत्र पुरायचं नाही. तिथे पावसाचे आकडे लागतात, म्हणजे त्या त्या वाडीवर पर्जन्यमापक हवा, किती तासांत किती मिलिमीटर झाला की माणसं हलवायची हे आधी ठरलेलं हवं, आणि रात्री अकरा वाजता पावसात माणसं हलवायची तर जवळ एक कोरडी, धोक्याबाहेरची शाळा किंवा समाजमंदिर तयार हवं. यातलं काहीच फार खर्चाचं नाही. नॉर्वेकडून घ्यायचंच असेल तर यंत्रापेक्षा हे घ्यावं की कोणत्या आकड्यावर गाव सोडायचं हे गावातल्या म्हाताऱ्यापासून शाळेतल्या पोरापर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

पाटीपेन्सिल

भीमाकाठ दादा, तुमचं लिहिलेलं वाचून थांबायला झालं. यावर वेगळा धागा काढा, आम्ही सगळे लिहू.

रानवाटा, तुमचा आजच्या गावाचा मुद्दा राहिला होता. बारमाही राहणारी माणसं अडीचशेच्या आतबाहेर, आणि उन्हाळ्यात एकेका क्रूझ जहाजातून दोनतीन हजार माणसं एका सकाळी उतरतात. २००५ मध्ये युनेस्कोने गायरांगेर आणि नेरय या दोन फियॉर्डना जागतिक वारसा म्हणून घेतलं त्यानंतर गर्दी वाढतच गेली. वारा नसला की जहाजांचा धूर दरीत निळ्या थरासारखा साचून राहायचा, दोन्ही बाजूंना उंच भिंती, जाणार कुठे तो. लोकांनी बरीच ओरड केली, आणि सरकारने नियम केला की २०२६ पासून दहा हजार टनांखालच्या प्रवासी जहाजांनी या वारसा फियॉर्डमध्ये शून्य उत्सर्जनावरच चालायचं, मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत. मला स्वतःला मोठ्यांना दिलेली मुदत पटत नाही, धूर त्यांचाच जास्त. पण गावाचं पोटही त्यांच्यावर आहे आणि ज्यांचं दुकान जून ते ऑगस्ट चालतं त्यांना आपण इथे बसून काय सांगणार.

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. आता परत जायचा योग आला तर स्कागेफ्लोवर चढायचंय. जाता येतं का? की फक्त खालूनच बघायचं?

ओस्लोकर

येतं की. १९७५ पासून "स्टोरफ्योर्डचे मित्र" अशा अर्थाच्या नावाची एक संस्था ही शेतं सांभाळतेय. छपरं नवी करणं, कुजलेला ओंडका बदलणं, वाटा मोकळ्या ठेवणं, बरंचसं काम स्वयंसेवक करतात. तेव्हा हात लागले नसते तर आज तुम्हाला खालून नुसते दगडांचे जोते दिसले असते. राजा हाराल्ड आणि राणी सोन्या यांनी १९९३ मध्ये आपल्या लग्नाची पंचविशी याच स्कागेफ्लोवर पाहुण्यांना घेऊन साजरी केली, त्यानंतर इथे चढणारे वाढले.

दोन वाटा आहेत. एक म्हणजे गायरांगेरहून निघणाऱ्या टुरिस्ट बोटवाल्याला आधी सांगायचं, तो कड्याच्या पायथ्याशी खडकाला बोट लावतो, तिथून उभी चढण, अवघड जागी धरायला तार लावलीय. गुडघे चांगले असतील तर हीच घ्या, कारण पाठीवर पिठाचं पोतं घेऊन माणसं इथूनच चढायची. दुसरी वाट गावाजवळच्या होमलोंगवरून डोंगरातून, लांब आहे पण बेताची. बरेच लोक बोटीने येऊन पहिलीने चढतात आणि दुसरीने चालत गावात परतात. पाऊस असेल तर बोटीच्या बाजूने उतरू नका, खडक शेवाळलेला असतो आणि तिथे घसरलात तर खाली थेट पाणी. बूट नीट ग्रिपवाले घ्या, पाणी-खाणं बरोबर ठेवा, वर दुकान वगैरे काही नाही. जून-जुलैमध्ये जा, समोर सात बहिणींना पाणी भरपूर असतं, ऑगस्ट सरता सरता त्यातल्या दोनतीन आटून गेलेल्या असतात.